कर्नलच्या चुका आणि त्यांचे संदेश

प्रोसेसर आणि मेमरी यांचा कारभार पाहणारा ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा म्हणजे कर्नल. तोच चुकला, तर लिनक्समध्ये 'ऊप्स' नावाचा संदेश नोंदवला जातो. काय बिघडलं, कोणत्या पत्त्यावर आणि त्या वेळी कोणती फंक्शन्स चालू होती, हे त्यात असतं.

लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये इंटेल ३८६ साठी सुरू केलेला लिनक्स आज आर्म, पॉवरपीसी, रिस्क-फाइव्ह अशा अनेक प्रोसेसरांवर चालतो. मेमरीची चूक पकडणारा कोड प्रत्येकासाठी वेगळा लिहिला गेला, म्हणून संदेशही वेगळे झाले. मेमरीचा पत्ता ठेवणारा पॉइंटर रिकामा असण्याची चूक तीच, पण इंटेलवर ओळ 'बग'ने सुरू होते, तर ६४-बिट आर्मवर 'अनेबल टू हँडल'ने. फंक्शन्सच्या यादीवरच्या 'कॉल ट्रेस' या शीर्षकात इंटेलकडे 'टी' कॅपिटल, आर्मकडे स्मॉल!

माणूस हे समजून घेतो. नोंदी चाळणारी स्वयंचलित साधनं मात्र ठरावीक शब्द शोधतात. एक अक्षर बदललं तरी चूक नजरेतून सुटू शकते. संदेशातली प्रोसेसरच्या रजिस्टरांची नावं वेगळी राहणारच, ती हार्डवेअरची आहेत. चूक काय झाली, याचं वर्णन मात्र सगळीकडे सारखंच हवं. म्हणून कर्नलमध्ये नवा संदेश लिहिणाऱ्याने आधी इतर प्रोसेसरांसाठी लिहिलेला संदेश जरूर पाहावा.