गुळवेल: गुणकारी खरी, पण जपून घ्यावी

गणेशपुरीच्या गरम पाण्याच्या कुंडांवर दुखरे सांधे शेकायला लांबून माणसे येतात. रात्रपाळीत यंत्रमागापाशी उभे राहून कुणाचे गुडघे धरले, की एक जण कुंड सुचवतो, दुसरा गुळवेलीचा काढा. ही वेल ठाणे जिल्ह्याच्या रानात सहज मिळते. कोरोनाच्या काळात तर शहापूरच्या कातकरी तरुणांच्या संस्थेला गुळवेलीसाठी दीड कोटी रुपयांहून अधिकची मागणी आली होती.

या वेलीत खरोखर गुण आहे काय? आहे. शरीरात जंतू शिरले की रक्तातील पांढऱ्या पेशी धावून जातात व दाह वाढवणारी रसायने सोडतात. त्यामुळे ती जागा सुजते. हे संरक्षणच होय. परंतु काम संपल्यावरही पेशी शांत झाल्या नाहीत, तर आपलेच सांधे झिजतात. प्रयोगशाळेत अशा चेतवलेल्या पेशींवर गुळवेलीचा अर्क टाकला असता ही रसायने कमी सुटतात, असे आढळले आहे.

हीच वेल दुबळ्या पेशींना जोरही देते. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. शरदिनी डहाणूकर व सहकाऱ्यांनी पित्तमार्ग अडून कावीळ झालेल्या ३० रुग्णांचा अभ्यास केला. तो १९९३ साली प्रसिद्ध झाला. नेहमीच्या उपचारांसोबत गुळवेल दिलेल्या गटात जंतू गिळणाऱ्या पेशींची ताकद सुधारली आणि शस्त्रक्रियेनंतर अधिक रुग्ण वाचले.

मात्र हा जोर प्रत्येकाला मानवतोच असे नाही. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. दुसरीच सारखी दिसणारी वेल घेतली गेली असावी, असा आक्षेप आयुष मंत्रालयाने घेतला. पण २०२२ मध्ये देशातील निरनिराळ्या रुग्णालयांतील अशाच ४३ रुग्णांचा अभ्यास पुढे आला. ज्यांच्या पेशी आधीच स्वतःच्या शरीरावर उलटलेल्या असतात, त्यांना हा धोका अधिक दिसतो. काही प्रकारचा संधिवात नेमका असाच असतो. म्हणजे सांध्यांसाठी काढा घेणाऱ्यांतच धोक्यातली माणसे असू शकतात!

तेव्हा सांधेदुखी कशामुळे आहे, हे आधी डॉक्टरांकडून तपासून घ्या. यकृताचा आजार, थायरॉईड किंवा मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील, तर विचारल्याशिवाय काढा घेऊ नका. काढा घेताना डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली किंवा अन्नावरची वासना उडाली, तर तो त्याच दिवशी बंद करून दवाखाना गाठा. आणि गुळवेल घेतली होती, हे डॉक्टरांपासून लपवू नका.