शून्याचीही नोंद

एक लाकडी खोका. वर उतरत्या बसवलेल्या ॲक्रिलिकच्या दोन पारदर्शक पट्ट्या, त्यांच्यामध्ये बोटभर फट, फटीच्या वर दिवा आणि आत अंड्यांचे रिकामे ट्रे. इंग्लंडमध्ये परसात पतंग पकडणाऱ्यांचं सामान एवढंच. रात्री दिव्यापाशी घिरट्या घालणारं पाखरू पट्टीवर आपटतं, घसरून फटीतून आत पडतं आणि ट्रेच्या एखाद्या खळग्यात अंग चोरून सकाळपर्यंत बसून राहतं. सकाळी ओळखायचं, मोजायचं, वहीत लिहायचं आणि झुडपात सोडून द्यायचं. मारायचं नाही. या खोक्याला स्किनर सापळा म्हणतात. त्याहून ताकदवान तो रॉबिन्सन सापळा. त्यात पाऱ्याच्या वाफेचा १२५ वॉटचा दिवा असतो, म्हणजे शेजाऱ्यांच्या बेडरूममध्ये बाराही महिने दिवाळी.

आपल्याकडे पतंग भेटतो तो गझलेत ज्योतीवर जळताना, नाहीतर शेतात. गुलाबी बोंडअळी आणि लष्करी अळी ही पतंगांचीच पिलावळ. शेतकऱ्याला प्रकाश सापळा आणि कामगंध सापळा दोन्ही ठाऊक असतात, पण तिथे सापडलेल्या किड्याची गय नसते. ब्रिटनमध्ये मात्र फुलपाखरांच्या जेमतेम साठ जाती आणि पतंगांच्या अडीच हजार, त्यामुळे हौशी माणसाला अंगणातच आयुष्यभराचं काम मिळतं.

दिव्याकडे ते का येतात, याचं पटण्यासारखं उत्तर २०२४ साली मिळालं. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अतिवेगवान कॅमेऱ्यांनी किड्यांचं उडणं टिपलं. रात्री जमिनीपेक्षा आकाश उजळ असतं, म्हणून उडताना उजेडाकडे पाठ ठेवली की वर कुठे नि खाली कुठे ते कळतं. मध्येच बल्ब आला की किडा त्याच्याकडे पाठ करतो, कलंडतो आणि गोल गोल फिरत राहतो. म्हणजे शायरांचा तो आशिक प्रेमात नव्हताच, त्याला फक्त वर-खाली कळेनासं झालं होतं. याला अपवाद निघाला कण्हेरीवरचा हिरवा हॉकमॉथ. तो बल्बवरून सरळ उडून जातो.

मी राहतो त्या हर्टफर्डशायर परगण्यातच, हार्पेंडनला, रॉथॅमस्टेड हे शेतीसंशोधनाचं जुनं केंद्र आहे. तिथे १९३३ साली सी. बी. विल्यम्स यांनी प्रकाश सापळा लावून रोजची मोजणी सुरू केली. १९६०च्या दशकात तिचं देशभर जाळं झालं. त्या नोंदींमुळेच कळलं, की १९६८ ते २०१७ या काळात ब्रिटनमधल्या मोठ्या पतंगांची संख्या एक तृतीयांशाने घटली. हौशी लोकांसाठी वेगळी योजना आहे. मार्च ते नोव्हेंबर आठवड्यातली एक रात्र, शक्यतो शुक्रवारची, सापळा लावायचा आणि जे येईल ते कळवायचं. काहीच आलं नाही, तर शून्य कळवायचं.

हे शून्य मला २०२१च्या एप्रिलमध्ये समजलं. सापळा आदल्या वर्षी, पहिल्या लॉकडाउनमध्ये, शेजारच्या निवृत्त गृहस्थांनी कुंपणावरून दिला होता. तेव्हा ती गंमत होती. २०२१च्या एप्रिलमध्ये नाशिकला आई हॉस्पिटलमध्ये होती आणि ऑक्सिजनसाठी भाऊ गावभर फिरत होता. २३ एप्रिलला ब्रिटनने भारताला कोविडच्या प्रवास-निर्बंधांच्या लाल यादीत टाकलं. गेलो असतो तरी वॉर्डात कुणी पाऊल टाकू दिलं नसतं. डॉक्टरांचा राउंड झाला की नाशिकच्या दहाच्या सुमाराला भावाचा फोन यायचा. इथे तेव्हा पहाटेचे साडेपाच, आणि नेमकी तीच सापळा उघडायची वेळ, कारण उशीर केला तर रॉबिन पक्षी आधी येऊन नाश्ता उरकतो.

त्या वर्षीचा एप्रिल साठ वर्षांतला सर्वांत हिमतुषारांचा. गवत पांढरं, खोक्यावर बर्फाची साय. एकेक ट्रे उलटून दोन्ही बाजूंनी पाहायचा. रिकामा. पुढचा. रिकामा. कधीतरी एका खळग्यात नखाएवढा तपकिरी ठिपका निघायचा. आता हा कॉमन क्वेकर की स्मॉल क्वेकर? पंखावरची मूत्रपिंडाच्या आकाराची खूण फिकट रेघेने नीट आखलेली आहे का, अंग किती लांब, हे भिंगातून बघेपर्यंत खिशातला फोन वाजायचा.

निसर्ग मन शांत करतो वगैरे हल्ली फार ऐकू येतं. मला तसा अनुभव नाही. भीती कमी झाली नाही. फक्त तेवढा अर्धा तास डोळ्यांना असं काम होतं, की त्यात भीतीला मध्ये घुसायला जागा मिळत नव्हती. शिवाय बातमी काहीही असो, वहीत लिहावंच लागायचं. हॉस्पिटलचे आकडे माझ्या हातात नव्हते, हे होते. रिकाम्या सकाळीही तारीख, किमान तापमान आणि शून्य लिहिल्याशिवाय पान पूर्ण होत नसे.

हा नाद लागलेली माणसं पूर्वीपासून आहेत. केंब्रिजचे मायकेल मजेरस यांनी पेपर्ड मॉथवरचा प्रयोग आपल्याच बागेत केला. झाडावर बसलेला काळा पतंग पक्ष्यांना जास्त दिसतो की ठिपक्याठिपक्यांचा, हा प्रश्न. सहा वर्षांत त्यांनी ४,८६४ पतंग सोडले. २००९ मध्ये ते गेले. निष्कर्ष सहकाऱ्यांनी २०१२ साली छापले. स्वच्छ हवेच्या त्या बागेत काळे पतंगच जास्त टिपले जात होते. लंडनमधले परिसंस्था-शास्त्रज्ञ टिम ब्लॅकबर्न यांनी तर फ्लॅटच्या गच्चीवरच्या सापळ्यातून ‘द ज्युवेल बॉक्स’ हे अख्खं पुस्तक काढलं.

जूनमध्ये थंडी हटली आणि खोका भरू लागला. गुलाबी-शेवाळी एलिफंट हॉकमॉथ बोटावर घेतला, तर उडण्याआधी मिनिटभर पंख थरथरवून अंग तापवतो. बफ-टिप तर बर्चच्या मोडलेल्या काटकीसारखा, तोडल्याची फिकट जागासुद्धा हुबेहूब. तोवर आई घरी आली होती. फोनवर तब्येतीचं विचारलं की उलट मलाच विचारायची, “आज किती आली रे पाखरं?”

भारतात पतंगांच्या दहा हजारांहून जास्त जाती आहेत. सर जॉर्ज हॅम्पसन यांनी १८९२ ते १८९६ या काळात त्यांच्यावर चार खंड लिहिले. आज ‘मॉथ्स ऑफ इंडिया’ या संकेतस्थळावर फोटो लावून ओळख पटवता येते. खोका नसला तरी चालतं. पावसाळ्यातली अंधारी, वारा नसलेली रात्र, गच्चीवर पांढरी चादर, पुढे बल्ब, आणि काम झालं की तो बंद करायचा. कुंडीत तगर असेल तर तिच्या पानांवर त्या हिरव्या हॉकमॉथची अळी सापडू शकते.

त्याच वर्षी जुलैत आईने भावाकडून गॅलरीच्या भिंतीवर चादर लावून घेतली. आले ते तुडतुडे, डास आणि त्यांच्यामागून दोन पाली. पालींनी चादर साफ केली. तेव्हा चादर भिंतीला टेकवू नये, हातभर अंतर सोडून दोरीवर टांगावी.