स्वप्नांचा रोजमेळ

मरोळच्या गाळ्यांत शटर ओढण्यापूर्वी रोजमेळ लिहिला जातो. उद्यावर टाकलेली नोंद निसटते, हे व्यापारी जाणतो. स्वप्नांचेही तसेच. जाग येताच न टिपल्यास ती विरून जातात.

कल्पसूत्रानुसार चौदा महास्वप्ने राजा सिद्धार्थांना निवेदन केल्यावर त्रिशलामाता पुन्हा निजल्या नाहीत. अशुभ स्वप्नांनी ती निष्फळ होऊ नयेत म्हणून उरलेली रात्र त्यांनी धर्मजागरणात घालविली. स्वप्न जपण्यास जागरूकता लागते, ही जाण आपल्याकडे इतकी जुनी आहे.

फ्रान्सचे हर्वे द सां-दनी तेराव्या वर्षापासून स्वप्नवही लिहीत. लिहिता लिहिता ‘हे स्वप्न आहे’ असे भान त्यांना स्वप्नातच येऊ लागले. १८६७ साली त्यांनी त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. पुढे १९७५ मध्ये इंग्लंडच्या हल विद्यापीठात कीथ हर्न यांच्या प्रयोगात निद्रिस्त व्यक्तीने, आधी ठरविल्याप्रमाणे डोळे हलवून, स्वप्नातून खूण केली. अशा सजग स्वप्नास प्रयोगाचा आधार मिळाला.

वहीत तारीख, स्थळ, माणसे व भावना लिहाव्यात. काही आठवड्यांत ठराविक खुणा पुन्हा पुन्हा आढळतात : चुकलेली गाडी, न उघडणारे कुलूप. ‘ही खूण दिसताच स्वप्न ओळखेन’ असा संकल्प निजताना करावा. वारंवार भयस्वप्ने पडणाऱ्यास हे भान धीर देऊ शकते.

मात्र वही लिहिली म्हणजे भान येतेच असे नाही. ते न आले तरी स्वप्ने अधिक स्मरतात, एवढा लाभ पदरी पडतो. त्यापायी झोप मोडणे हा तोट्याचाच व्यवहार ठरेल.