धरपकड झाली, नोंद राहिली

व्हिएतनाम युद्ध थांबत नाही म्हणून ३ मे १९७१ रोजी हजारो तरुणांनी वॉशिंग्टनचे पूल आणि चौक अडवायला घेतले. सरकारी कर्मचारी कचेरीत पोहोचूच नयेत, हा बेत. निक्सन सरकारने लष्कर उतरवले. कोणाला, कुठे, कशासाठी धरले याचा फॉर्म पोलीस एरवी अटकेच्या जागीच भरत. त्या सकाळी तो बाजूला ठेवून दिसेल त्याला उचलले. त्यात वाटसरूही सापडले. दिवसभरात ७,०००हून अधिक जणांना अटक झाली. कोठड्या अपुऱ्या पडल्या, तेव्हा माणसे स्टेडियमजवळच्या कुंपण घातलेल्या मैदानात कोंडली. वाहतूक सुरू राहिली खरी. पण नोंदीच नसल्याने बहुतेक खटले कोर्टात टिकले नाहीत. कायदेभंग करणारा अटक पत्करतो. गुन्हा सिद्ध करण्याची जबाबदारी मात्र सरकारवरच राहते.