गाळ काढला, तरी मामा तलाव भरेना का?

रोवणी आटोपते, पाऊस दडी मारतो आणि गावाचे लक्ष मामा तलावाकडे जाते. उन्हाळ्यात जेसीबी लावून गाळ काढलेला, पाळीवर नवी माती टाकलेली. तलाव मात्र अर्धाच. ‘यंदा पाऊसच कमी’ म्हणून लोक मोकळे होतात. पण बरेचदा पाऊस पडलेला असतो, पाणी तलावापर्यंत पोचलेलेच नसते.

मामा म्हणजे माजी मालगुजारी. गोंदिया, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली या चार जिल्ह्यांत असे सहा हजारांहून अधिक तलाव आहेत. त्यातले कितीतरी कोहळी समाजाच्या पूर्वजांनी बांधले. त्यांच्याकडे मोजणीची यंत्रे नव्हती, उताराची जाण मात्र पक्की होती. जंगलाच्या पायथ्याशी वरचा तलाव. तो भरला की सांडव्याचे पाणी नाल्याने, बांध्याबांध्यांतून खालच्या तलावात, तिथून बोडीत. तलाव एकटा नसतोच, साखळी असते. 1951 मध्ये मालगुजारी संपली, तलाव सरकारजमा झाले आणि ही साखळी सांभाळायची कुणी, हा प्रश्न तेव्हापासून लोंबकळतोय.

साखळी तुटते ती अगदी साध्या कामांनी. शेतरस्त्यावर मुरूम पडतो, पण खाली मोरी टाकत नाहीत. पाणी अडते किंवा भलत्याच नाल्याला लागते. येव्याचा नाला नांगरून बांधीत घेतला जातो. बुडीत क्षेत्रात कुणी धान लावतो, मग ते बुडू नये म्हणून सांडवा फोडून खाली केला जातो. तलाव तिथेच अर्धा होतो, नंतर कितीही खोदा. खोल खड्ड्यातले पाणी सांडव्याच्या वर चढत नाही आणि पाटानेही बांधीत उतरत नाही.

‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेत मोजमाप होते ते काढलेल्या गाळाचे, घनमीटरमध्ये. गाळ काढणे चूक नाही. पण सरसकट खोदताना तलावाची उथळ कड जाते, आणि खरा जीव तिथेच असतो. पहिल्या पुरात मासोळी प्रवाहाच्या उलट चढते, उथळ पाण्यातल्या गवतात अंडी घालते. देवधान तिथेच उगवते, सारस तिथेच चरतो. वाट बंद झाली की ढिवरांच्या जाळ्यात मरळ, शिंगी कमी होते आणि संस्थेला दरवर्षी बाहेरून बीज विकत आणावे लागते. रिकाम्या कडेवर बेशरम माजते ती वेगळीच.

अर्जुनी मोरगाव तालुक्यात ढिवर महिलांनी काही तलावांत बेशरम मुळासकट उपटली, स्थानिक पाणवनस्पती पुन्हा लावल्या. काम चिखलात उभे राहून करायचे, यंत्राचे नाही.

येवा शोधायलाही फार खर्च लागत नाही. तलाठ्याकडे गावनकाशा आणि निस्तार पत्रक बघावे, आणि जोराच्या पावसात दोन-तीन जुन्या माणसांसोबत तलावापासून वर जंगलापर्यंत चालत जावे. पाणी कुठे वळले, कुठे थांबले ते डोळ्यांना दिसते. अडलेल्या जागी मोरी, बुजलेल्या नाल्याला जुनी रुंदी, ही कामे रोजगार हमीतून मागता येतात. सांडव्याची उंची मात्र अवघड दुखणे. ती पूर्ववत केली की कुणाचे तरी धान बुडणारच, तेव्हा तो विषय पावसाळ्याआधीच्या ग्रामसभेत घ्यावा लागतो, त्या शेतकऱ्याला समोर बसवून.