एवढ्या उंचावर हात पोहोचला कसा?

भिंतीवर चित्र काढायचं तर आपण कुठे काढतो? हात पोहोचेल तिथे, हो ना? मग हे कोडं सोडवा पाहू!

फिनलंडमध्ये साइमा नावाचं अवाढव्य सरोवर आहे. तिथे अस्तुवानसाल्मी या ठिकाणी पाण्याकाठी एक उभा कडा आहे. त्यावर साठाच्या आसपास लाल चित्रं आहेत. त्यातली काही तर पाण्यापासून ११ मीटरांवर, म्हणजे तिसऱ्या मजल्याएवढ्या उंचीवर! मग चित्रकार तिथवर चढले कसे?

ते चढलेच नाहीत. पाणीच खाली गेलं!

हिमयुगात इथे बर्फाचा प्रचंड जाड थर होता. त्याच्या वजनाने जमीन दबली होती. बर्फ वितळला, ओझं उतरलं आणि जमीन वर येऊ लागली. आजही ती हळूहळू वर येतेच आहे! पण वायव्येकडची बाजू जास्त उचलली गेली, म्हणून सरोवर कललं आणि आग्नेयेला पाणी चढत गेलं. सुमारे ६ हजार वर्षांपूर्वी त्या पाण्याने काठचा उंचवटा फोडला आणि वुओक्सी नदी वाहू लागली. तेव्हापासून सरोवराची पातळी उतरत गेली. चित्रकार होडीत उभे राहून, नाहीतर हिवाळ्यात गोठलेल्या सरोवरावर उभे राहून रंगवत असणार.

आता चित्रं जवळून बघू. हा एल्क, हरणाच्या कुळातला धिप्पाड प्राणी. त्याच्या छातीत, बरोबर हृदयाच्या जागी, एक ठिपका दिलाय! ही हातात धनुष्य घेतलेली बाई. या होड्या, आणि हे चक्क हातांचे ठसे!

रंग कोणता? आपण कुंड्यांना लावतो तोच, गेरू! त्यात लोहाचं ऑक्साइड असतं. ते उन्हाने फिकं पडत नाही. शिवाय खडकावरून झिरपणाऱ्या पाण्यातल्या सिलिकाचा पातळ, पारदर्शक थर चित्रांवर चढला. म्हणून तर हजारो वर्षांच्या पावसाबर्फातही ती टिकली आणि १९६८ मध्ये संशोधकांच्या नजरेस पडली.

पाणी खाली जात राहिलं, तशी नवी चित्रंही खाली येत गेली. त्यामुळे चित्राच्या उंचीवरून त्याच्या वयाचा अंदाज बांधता येतो. मग सांगा बरं, एक चित्र पाण्यापासून ११ मीटरांवर आणि दुसरं ८ मीटरांवर असेल, तर त्यातलं जुनं कोणतं असावं?