दातांत लिहिलेलं गाव

अंकुशनगरच्या साखर कारखान्याभोवती ऊस उभा आहे ते काळं रान म्हणजे झिजलेला बेसाल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. इथली ज्वारी खाऊन, इथल्या विहिरीचं पाणी पिऊन वाढलेल्या पोराच्या दातांत या खडकाची खूण कायमची राहते.

ती खूण काय सांगते, ते विटश्टॉकला कळलं. बर्लिनच्या वायव्येला असलेल्या या गावाजवळ २००७ साली वाळू उपसताना हाडं लागली. एकाच खड्ड्यात सव्वाशे सैनिक, दाटीवाटीने रचलेले. ४ ऑक्टोबर १६३६ च्या लढाईत पडलेले. कॅथलिक आणि प्रोटेस्टंट यांच्या नावाने पेटलेलं तीस वर्षांचं युद्ध तेव्हा चालू होतं, आणि स्वीडनच्या योहान बानेरने त्या दिवशी पवित्र रोमन सम्राटाच्या आणि सॅक्सनीच्या फौजेचा पुरता मोड केला.

खडकातलं स्ट्रॉन्शियम मातीत उतरतं, तिथून पिकात, पाण्यात आणि मग अंगात. शरीर त्याला कॅल्शियमच्या जागी बसवतं. दाताचं इनॅमल लहानपणी तयार होतं आणि पुढे बदलत नाही. स्कँडिनेव्हियाच्या अतिप्राचीन ग्रॅनाइटमध्ये रुबिडियमच्या ऱ्हासातून स्ट्रॉन्शियम-८७ भरपूर साठलेलं. आपल्या बेसाल्टमध्ये ते कमी. विटश्टॉकच्या दातांतून स्वीडन, फिनलंड, लॅटव्हिया, स्कॉटलंड बाहेर आलं. धर्मयुद्ध म्हणायचं, पण खड्ड्यात मिळाली ती देशोदेशीची पोरं; मला तरी यातली बरीचशी पोटापाण्यासाठीच आलेली वाटतात.

आपल्या जालना जिल्ह्यातही असं एक रान आहे. भोकरदनजवळ, खेळणा आणि जुई या नद्यांच्या मधे, असई. २३ सप्टेंबर १८०३ ची लढाई धर्माची नव्हती, पण माणसं तितकीच लांबून आलेली. ईस्ट इंडिया कंपनीचा सेनापती वेलस्ली याच्याकडे स्कॉटलंडच्या ७४ आणि ७८ क्रमांकाच्या पलटणी, तर शिंद्यांच्या कवायती पायदळावर पोलमन, हानोव्हरचा जर्मन. एकट्या कंपनीच्या बाजूचीच दीड हजारांवर माणसं मेली किंवा जखमी झाली. मराठ्यांकडचे काही जण याच काळ्या मातीत वाढलेले असतील. स्कॉटलंडच्या जुन्या खडकावर वाढलेल्यांपासून त्यांचे दात वेगळे ओळखता येतील.

म्हणून असईच्या शिवारातल्या शेतकऱ्यांना विनंती: नांगराला शिशाची गोळी किंवा हाड लागलं, तर ते हलवू नका, गोळी भंगारात घालू नका. जागेची खूण करा आणि तलाठ्याला कळवा.